हुमणी नेमके काय खाते, हे आधी ठरवा

पावसाळा निम्मा सरला की देशाच्या निरनिराळ्या भागांतून एकाच तऱ्हेच्या बातम्या येऊ लागतात. उभे पीक एकाएकी पिवळे पडते, हाताने ओढले तर मुळांशिवाय वर येते आणि खालची माती उकरली की चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरट अंगाची, तपकिरी डोक्याची अळी सापडते. महाराष्ट्रात तिला हुमणी म्हणतात, राजस्थानात सफेद लट, उत्तराखंडच्या डोंगराळ भागात कुरमुला, कर्नाटकात गोण्णे हुळु. नावे जशी निराळी तसे कीटकही निराळे. राजस्थान-गुजरातच्या रेताड जमिनीत भुईमुगाचा नाश करणारी होलोट्रायकिया कॉन्सँग्विनिया ही एक जाती. दख्खनच्या उसात आढळणारी होलोट्रायकिया सेराटा ही दुसरी. सिमल्याकडच्या बटाट्यात ब्राह्मिना कोरिएशिया, तर केरळच्या नारळबागांत ल्युकोफोलिस कोनिओफोरा. या सगळ्यांवरचा उपाय मात्र वर्षानुवर्षे जवळपास एकच राहिला आहे: जमिनीत कीटकनाशक मिसळणे.

हा उपाय ज्या गृहीतकावर उभा आहे ते तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटलेली दिसत नाही. अळी मुळाजवळ सापडली, म्हणजे तिने मूळ खाल्ले, असे हे गृहीतक. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. जमिनीत राहणाऱ्या अळ्यांमध्ये जिवंत मुळे कुरतडणाऱ्या आहेत, कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या आहेत, शेणखतात वाढणाऱ्या आहेत आणि दुसऱ्या अळ्यांची शिकार करणाऱ्याही आहेत. उकिरड्यात आणि कंपोस्टच्या खड्ड्यात सापडणारी, पाठीवर सरपटत जाणारी अळी बहुधा फुलभुंगेऱ्यांच्या कुळातली असते. ती कुजलेल्या पदार्थांचे विघटन करते आणि पिकाच्या मुळांशी तिचे वैर नसते. शेतकऱ्याच्या कुदळीखाली मात्र तीही हुमणी म्हणूनच मरते. एकाच जातीचा आहारदेखील वयाप्रमाणे बदलतो. अंड्यातून नुकतीच निघालेली हुमणी सेंद्रिय पदार्थ आणि अगदी कोवळी तंतुमुळे खाते. खरे नुकसान तिसऱ्या अवस्थेतली जाडजूड अळी करते. मग कुजलेल्या अन्नाकडून जिवंत मुळाकडे हे स्थित्यंतर नेमके केव्हा होते आणि कोणत्या जमिनीत लवकर होते? औषध कधी द्यायचे, हे या उत्तरावर अवलंबून असते.

उत्तर मिळवणे अवघड आहे, कारण हे सारे मातीखाली घडते. पानावरची अळी पान खाताना दिसते. मुळावरच्या अळीला पाहण्यासाठी माती उकरावी लागते आणि उकरली की तिचे खाणे थांबते. कुंडीत एकाच पिकाचे रोप लावून त्यात अळी सोडण्याचा प्रयोग पुष्कळदा होतो, पण त्यातून एवढेच कळते की उपाशी अळी समोर असेल ते खाते. पोट फाडून पाहावे, तर आत काळपट चिखल.

स्थिर समस्थानिकांची पद्धत उपयोगी पडते ती इथे. निसर्गातला कार्बन एकजिनसी नसतो. त्याचे सुमारे ९९ टक्के अणू १२ वस्तुमानाचे असतात आणि सुमारे १.१ टक्का अणू १३ वस्तुमानाचे. नायट्रोजनमध्ये १४ वस्तुमानाच्या अणूंबरोबर १५ वस्तुमानाचे अणू असतात, पण तेही सुमारे ०.३७ टक्केच. हे जड अणू किरणोत्सर्गी नाहीत. ते झिजत नाहीत आणि कोणाला अपायही करत नाहीत. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या कार्बनला झुकते माप देतात, आणि हे माप सगळ्या वनस्पतींचे सारखे नसते. भुईमूग, सोयाबीन, बटाटा, नारळ, कडुनिंब, बाभूळ या 'सी-३' गटातल्या वनस्पती जड कार्बन बराच वगळतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या 'सी-४' गटातल्या वनस्पती त्या मानाने कमी वगळतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी तुलना करून हा फरक हजारी अंशांत मांडला जातो. पहिल्या गटाचे मूल्य उणे २७ च्या आसपास, दुसऱ्याचे उणे १३ च्या आसपास. शेतातल्या मोजमापात इतका स्वच्छ फरक क्वचितच पाहायला मिळतो.

प्राणी जे खातो त्यातूनच त्याचे शरीर घडते, त्यामुळे हा शिक्का त्याच्या अंगावर उमटतो. मायकेल डिनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी १९७८ साली कार्बनबाबत आणि १९८१ साली नायट्रोजनबाबत हे प्रयोगाने दाखवून दिले. कार्बनचे मूल्य अन्नापासून प्राण्यात येताना फारसे सरकत नाही, सरासरी एखादा अंश. नायट्रोजनचे मात्र सरकते. शरीर हलका नायट्रोजन मलमूत्रातून अधिक टाकते आणि जड मागे राहतो, त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला ढोबळमानाने तीन-साडेतीन अंशांची वाढ होते. कार्बन सांगतो अन्न कोणत्या गटातले, नायट्रोजन सांगतो खाणारा साखळीच्या कोणत्या पायरीवर आहे. वाळवून दळलेल्या अळीचा जेमतेम एक मिलिग्रॅम चुरा कथलाच्या इवल्या डबीत बंद करून जाळायचा आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचा, एवढीच क्रिया. उसाच्या शेतातल्या अळीचे मूल्य उणे २० आले, तर ढोबळ हिशेबाने तिच्या शरीरातला निम्माच कार्बन उसाच्या गटातून आला आहे; उरलेला निम्मा तणातून, आधीच्या पिकाच्या अवशेषांतून किंवा शेणखतातून.

ही नुसती कल्पना नाही. मध्य युरोपातल्या शेतांत तारकिड्यांचा, म्हणजे क्लिक भुंगेऱ्यांच्या कडक, पिवळसर, तारेसारख्या अळ्यांचा, उपद्रव जुना आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातील मायकेल ट्राउगॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतजमिनीतल्या या अळ्यांचे कार्बन आणि नायट्रोजन मोजले. एकाच शेतात, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अळ्यांत प्रामुख्याने वनस्पती खाणाऱ्या जाती निघाल्या, तशा प्रामुख्याने दुसऱ्या प्राण्यांवर जगणाऱ्याही निघाल्या. म्हणजे पिकाच्या शत्रूबरोबर शत्रूचा शत्रूही त्याच विषाने मारला जात होता. त्याच गटाच्या पुढच्या कामाने आणखी एक गोष्ट दाखवली: अळी वनस्पतींत निवड करते, आणि मक्याच्या आसपास इतर वनस्पती असतील तर मक्यावरचा भार कमी होतो. शेत अगदी स्वच्छ ठेवावे, हा सल्ला डोळे मिटून देणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा. सगळे तण नेहमीच हिताचे असते असा त्याचा अर्थ नव्हे. पण तण काढल्यावर अळीसमोर पिकाखेरीज काहीच उरत नाही, ही शक्यता तरी हिशेबात यावी.

भारतात ही पद्धत युरोपाहूनही चांगली लागू पडेल असे मानायला जागा आहे, कारण इथली पीकरचनाच तिला अनुकूल आहे. होलोट्रायकियाचेच पाहा. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर जमतात. ही सगळी झाडे 'सी-३' गटातली. अळी मात्र उसाखाली, बाजरीखाली किंवा भुईमुगाखाली वाढलेली. भुंगेऱ्याचे कठीण पंखकवच घडते ते अळीपणी साठवलेल्या अन्नातून, आणि एकदा घडले की ते फारसे बदलत नाही. त्यामुळे कडुनिंबावर पकडलेल्या भुंगेऱ्याच्या कवचाचा तुकडा तो उसाच्या गटातल्या मुळांवर वाढला की दुसऱ्या कशावर, हे सांगू शकतो. एखाद्या गावातले भुंगेरे कोणत्या पिकातून येतात हे कळले, तर मोहीम कुठे राबवायची हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. अशी युक्ती अमेरिकेत बोंडअळीच्या एका जातीवर वापरून झाली आहे. लुइझियाना आणि टेक्सासमधल्या पतंगांच्या पंखांतला कार्बन मोजून ते कापसासारख्या गटातून आले की मक्यासारख्या, हे शोधले गेले आणि बीटी कापसाच्या प्रतिकारशक्तीविषयीच्या वादात तो पुरावा वापरला गेला. जमिनीखालच्या किडीसाठी ती इथे का वापरू नये, याचे पटण्याजोगे कारण दिसत नाही.

राजस्थानची स्थिती तर आणखी सोयीची. तिथे खरिपात भुईमूग आणि बाजरी शेजारी शेजारी असतात आणि सफेद लट दोन्ही खाते. बाजरी 'सी-४', भुईमूग 'सी-३', म्हणजे कार्बनने दोघांतला फरक कळतो. शिवाय भुईमूग शेंगवर्गीय. तो आपला पुष्कळसा नायट्रोजन हवेतून घेतो आणि हवेतल्या नायट्रोजनचे मूल्यच शून्य धरलेले आहे, त्यामुळे त्याच्या मुळांचे नायट्रोजन-मूल्य शून्याजवळ राहते. एकाच अळीवर दोन स्वतंत्र साक्षी मिळतात. बाजरीची ओळ लावली तर भुईमूग वाचतो की अळ्यांना नुसती जास्तीची मेजवानी मिळते, या प्रश्नाचा निकाल एखाद-दुसऱ्या हंगामात लागू शकेल.

इथे उत्साहाला आवर घालणेही आवश्यक आहे. समस्थानिकांच्या नावाने नुसते आकडे छापण्याची हौस फार वाईट. उसाच्या शेतातली अळी उसासारखे मूल्य दाखवते, एवढ्यावरून तिने जिवंत ऊस खाल्ला असे सिद्ध होत नाही. ज्या जमिनीत वीस-पंचवीस वर्षे ऊसच ऊस आहे, तिथल्या मातीतला सेंद्रिय कार्बनही बराचसा उसाचाच असतो. कुजलेले पाचट खाणारी निरुपद्रवी अळीदेखील तोच शिक्का दाखवील. कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या उसाच्या पट्ट्यात हा घोटाळा अटळ आहे. तो टाळायचा तर प्रयोगासाठी शेत विचारपूर्वक निवडावे लागते. वर्षानुवर्षे सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीपाला घेतलेल्या जमिनीत पहिल्यांदाच ऊस लागला असेल, तर तिथली जुनी माती अजून 'सी-३' आणि नवी मुळे 'सी-४' असतात. अशा शेतातली अळी उसाकडे झुकली तर ती मुळे खाते, मातीकडे झुकली तर कुजलेले खाते. प्रयोगशाळेत लाखो रुपयांची कृत्रिम खूण लावून जे साधायचे, ते अशा शेतात आपोआप मांडून ठेवलेले असते. मात्र ते पहिल्या काही हंगामांपुरतेच. लागणीच्या वर्षी संशोधक तिथे पोहोचला नाही, तर संधी हळूहळू पुसट होत जाते.

नायट्रोजनचे दुखणे वेगळे. युरियाचे मूल्य शून्याजवळ असते, शेणखताचे बरेच वर. एका शेतकऱ्याने युरिया दिला आणि शेजाऱ्याने शेणखत, तर दोघांच्या उसाची मुळे निरनिराळी मूल्ये दाखवतील आणि त्यावर जगणाऱ्या अळ्याही. त्या शेताची माती, मुळे, तण, पालापाचोळा यांची मूल्ये त्याच दिवशी न मोजता अळीचे मूल्य तेवढे मोजले, तर एखादी साधी मुळे खाणारी अळी कागदावर मांसाहारी ठरायची. मातीत जितके खोल जावे तितका तिथला जुना सेंद्रिय पदार्थ जड समस्थानिकांनी समृद्ध होत जातो, ही आणखी एक गुंतागुंत. तिसऱ्या अवस्थेतल्या हुमणीच्या अंगात चरबी भरपूर असते आणि चरबीत जड कार्बन कमी. ती वेगळी काढली नाही वा हिशेबात धरली नाही, तर उसावर वाढलेली अळीही सोयाबीनकडे झुकल्यासारखी दिसेल. आतड्यातली माती काढून टाकणे तर पहिली अट. आणि दोन्ही पिके एकाच गटातली असली, समजा बटाटा आणि वाटाणा, तर कार्बन फारसे काही सांगत नाही. तिथे आतड्यातल्या वनस्पतींच्या डीएनएची तपासणी जोडीला घ्यावी लागते. डीएनए अळीचे ताजे जेवण सांगतो, समस्थानिक तिचा कित्येक आठवड्यांचा आहार सांगतात. दोन्ही एकत्र आल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

पद्धत अवघड म्हणून भारतात ती रुजली नाही, असे म्हणता येत नाही. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था या ठिकाणी समस्थानिक मोजण्याची परंपरा आहे. भूजल, जुने मोसमी पाऊस, समुद्राचा गाळ, गुहांमधले चुन्याचे स्तंभ यांवर त्यांचे काम चालते. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने तर कमी पाण्यात तग धरणारे वाण शोधण्यासाठी पिकांतल्या कार्बनचे मोजमाप फार पूर्वी सुरू केले. दुसरीकडे हुमणी आणि जमिनीतल्या इतर किडींवर काम करणारा अखिल भारतीय प्रकल्प आहे. त्याचे समन्वयन जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याहून होते आणि राज्याराज्यांत त्याची केंद्रे आहेत. एकीकडे यंत्रे, दुसरीकडे अळ्या. मधला रस्ता तेवढा बांधायचा राहिला. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पीएचडीच्या तीन वर्षांत भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत यंत्रावर वेळ मिळवणे किती जिकिरीचे असते, हे त्या वर्तुळातल्या कोणालाही विचारावे. निधी देणाऱ्या यंत्रणांनी नवे यंत्र घेण्यासाठी पैसे देण्यापेक्षा, असलेल्या यंत्रांवरचा ठरावीक वेळ शेतीच्या प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची अट घातली, तर खर्च कमी आणि लाभ अधिक होईल.

यावर एक रास्त आक्षेप येतो. शेतकऱ्याचे पीक आज मरते आहे. त्याला अळीच्या अंगातल्या कार्बनचे काय? आक्षेपात तथ्य आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पहिल्या पावसानंतर गावाने एकत्र येऊन कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करून मारणे, हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि त्याला कोणत्याही यंत्राची गरज नाही. प्रकाश सापळे आहेत. राजस्थानात होलोट्रायकियाच्या मादीचा गंध म्हणून ओळखले गेलेले अ‍ॅनिसोल हे साधे रसायन भुंगेरे एकत्र आणण्यासाठी वापरले जाते. मेटारायझियम बुरशी आहे, हेटरोरॅब्डायटिस इंडिका हा भारतातच प्रथम सापडलेला सूत्रकृमी आहे. या गोष्टी समस्थानिकांसाठी थांबवाव्यात, असे कोणी म्हणत नाही. पण शिफारशी लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. हेक्टरी किती किलो दाणेदार औषध, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात, हे जो लिहितो त्याने अळी त्या महिन्यात त्या पिकाचे खाते की नाही, हे जाणून घेणे अपेक्षित आहे. हुमणीसाठी देशभर पोत्यांनी वापरलेल्या फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आली. तोवर ते कितीतरी जमिनींत, गांडुळांत आणि विहिरींच्या आसपास पसरले होते. त्याच्या जागी आता दुसरी औषधे आली आहेत. त्यांची मात्रा आणि वेळ ठरवतानाही अळीचा आहार तपासलाच गेला नाही, तर फक्त पिशवीवरचे नाव बदलेल.

आणखी एक ठेवा दुर्लक्षित पडला आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेतला राष्ट्रीय कीटकसंग्रह आणि कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्या कपाटांत टाचणीला लावलेले भुंगेरे आहेत, ठिकाण आणि तारखेच्या चिठ्ठीसह. पंखकवचाचा कणभर तुकडा पुरतो. ऊस, मका किंवा सोयाबीन एखाद्या प्रदेशात पसरत गेला, तेव्हा तिथल्या भुंगेऱ्यांचा आहार बदलला का, आणि बदलला असेल तर किती वर्षांत, हे त्या तुकड्यांतून वाचता येण्याजोगे आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन गेल्या शतकाहून अधिक काळात हलका होत आला आहे. ती दुरुस्ती हिशेबात करावी लागेल, पण तिची रीत ठरलेली आहे. संग्रहपालांना नमुन्याचा तुकडा तोडणे आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या जातीचे एकाच ठिकाणचे अनेक भुंगेरे ओळीने लावलेले आहेत, तिथे एकाचा त्याग सहन करता येईल.

तोवर केंद्रांनी आणि कृषी महाविद्यालयांनी एक बिनखर्ची सवय लावून घ्यावी. अळ्या गोळा झाल्या की त्या सवयीने फॉर्मेलिनच्या किंवा अल्कोहोलच्या बाटलीत जातात. दोन्हींमुळे कार्बनचे मूल्य ढळू शकते, शिवाय फॉर्मेलिनमुळे डीएनएही बिघडतो. प्रत्येक खेपेतल्या निदान दहा अळ्या आतडे काढून वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात ठेवाव्यात. सोबत त्याच खड्ड्यातली मूठभर माती, पिकाची मुळे आणि शेजारच्या तणाची मुळेही वाळवून ठेवावीत. पाकिटावर गाव, तारीख, खोली, आधीची तीन पिके आणि दिलेले खत लिहावे. यंत्रावर वेळ मिळायला दोन वर्षे लागली, तरी कोरड्या पाकिटातली अळी तोपर्यंत टिकते.